रानांतील फेरी आणि लेखणी

फाल्गुन सरून चैत्र उजाडला, कीं मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत कुसुंबाचीं झाडें लालभडक होतात. अशाच एका चैत्रांतल्या सकाळीं आम्ही पंधराएक जण कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेनें निघालों होतों. झाडें ओळखून दाखविण्याचें काम माझ्याकडे होतें. प्रत्येकाच्या हातीं एक वही होती. अट एवढीच, कीं एक झाड निवडावें, अर्धा तास त्याच्याखालीं बसावें आणि जें दिसेल तें लिहावें.

एका तरुणानें कुसुंबावर लिहिलें. भाषा मोठी गोड होती. त्या लाल पानांत त्याला झाडाचें वार्धक्य आणि निरोपाची घटका दिसली होती. मीं एक फांदी अलगद वांकवून तिचें पान त्याला चाचपावयास सांगितलें. पान मऊ, लुसलुशीत होतें. कुसुंबाची ही लाली गळणाऱ्या पानांची नव्हे. ती नुकत्याच फुटलेल्या पालवीची असते. हरितद्रव्य पुरतें भरण्यापूर्वीं कोवळ्या पानांत तांबडें रंगद्रव्य असतें, आणि प्रखर उन्हापासून पानाचें रक्षण होण्यास त्याचा उपयोग होत असावा, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

त्या तरुणाची दृष्टि अधू नव्हती. त्यानें शीत देशांतील पुस्तकें पुष्कळ वाचलीं होतीं. तिकडे पानें गळण्यापूर्वीं लाल होतात. पुस्तकांतलें झाड समोरच्या झाडाच्या आड आलें, एवढेंच. त्यानें वार्धक्य खोडलें आणि लिहिलें, कीं हीं पानें तान्ह्या मुलाच्या तळहातासारखीं आहेत. नवें वाक्य पहिल्याहून लहान होतें, खरें होतें, आणि माझ्या मतें अधिक सुंदरहि होतें.

पण केवळ नांवें सांगत हिंडणाऱ्या माहितगारानेंहि फुशारकी मारूं नये. दोन तासांत तीस नांवें कानांवर पडतात आणि घर येण्याच्या आधींच विरून जातात. थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा जो ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत सिद्ध केला, तो माझ्यासारख्यांचा मोठा आधार आहे. तथापि ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, ही उपमा ज्यानें स्वतः वहींत लिहिली, तो ऐन सहसा विसरत नाहीं. योग्य उपमा ही ओळखीची खूणच होय.

त्याच दिवशीं एका वृद्ध बाईंनीं कारवीवर चार ओळी लिहिल्या. कारवी सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते, बी धरते आणि वाळून जाते, हें मीं वाटेंत सांगितलें होतें. बाईंच्या माहेरीं कारवीच्या कुडाच्या भिंती होत्या. त्यांनीं लिहिलें : “मीं लहानपणीं कारवी दोनदां फुललेली पाहिली. तिसऱ्या फुलोऱ्याच्या आधीं माझें लग्न झालें. तो डोंगर पुढें पाहणें झालें नाहीं.” मला कारवीचें आयुष्य ठाऊक होतें, पण त्यानें माणसाचें आयुष्य असें मोजतां येतें, हें माझ्या ध्यानीं कधीं आलें नव्हतें. बाईंनीं वाचून दाखविल्यावर आम्ही बराच वेळ कोणीच बोललों नाहीं.

ज्यांना असा उपक्रम करावयाचा असेल, त्यांनीं तीन गोष्टी पाळाव्या. पहिलें पान केवळ इंद्रियांसाठीं ठेवावें : रंग, गंध, आवाज, स्पर्श. स्पर्श मात्र माहितगाराला विचारूनच करावा. खाजकुइलीची शेंग कोणाचीहि गय करीत नाहीं. झाडाचें नांव त्यानंतर विचारावें, कारण नांव आधीं कळलें कीं पाहणें थांबतें. कल्पनेला शेवटचें पान द्यावें. फूल किंवा फांदी मात्र तोडूं नये. वहींत तिचें वर्णन न्यावें.

दुर्गाबाई भागवतांचें ‘ऋतुचक्र’ १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. महिन्यामागून महिना निसर्ग न्याहाळणें हें स्वतंत्र साहित्य होऊं शकतें, हें त्या पुस्तकानें मराठी वाचकाला दाखविलें. त्यासाठीं दूरच्या अरण्यांतच जावें असें नाहीं. आपल्या दारासमोर जें झाड असेल, त्याला उद्यां सकाळीं अर्धा तास द्यावा. त्याच्याविषयीं आजवर आपण जें समजत होतों, त्यांतलें एखादें वाक्य तरी खोडावें लागेल, असा माझा अनुभव आहे.