लाल पट्ट्याच्या पलीकडे

प्रत्येकाने आपल्या कामातलं, घरी नेता येईल असं काहीतरी सांगावं, असं मेळाव्यासाठी ठरलं. मी इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाचं, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर लिहिते. आपल्यापैकी अनेकांची मुलं आता गाडी शिकण्याच्या वयात आहेत. म्हणून विषय निवडला, चुकून जास्त रेस झालेल्या इंजिनाचा.

आरपीएमच्या तबकडीवर शेवटी लाल पट्टा असतो. "भो, त्याच्या पुढे इंजिन जातच नाही, लिमिटर आहे ना!" असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी लाल पट्ट्याशी ईसीयू इंधन तोडतो आणि फेरे वाढत नाहीत. पण हे इंजिन चाकांना फिरवत असतं तेव्हा. चाकंच इंजिनाला फिरवू लागली, तर इंधन तोडून काय होणार? तिथे आमचं सॉफ्टवेअर हात टेकतं.

असं होतं कधी? समजा, पेट्रोल गाडी जळगाव-धुळे महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये ताशी 100 किलोमीटरने चालली आहे आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला 3000 आहेत. पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली. चौथा टाकायला दांडी खाली ओढली, पण ती जास्तच डावीकडे गेली आणि दुसरा पडला. दुसऱ्या गिअरमध्ये त्याच वेगाला फेरे साधारण अडीचपट लागतात. क्लच सोडताच इंजिन 7500 वर. बऱ्याच पेट्रोल गाड्यांचा लाल पट्टा 6000 ते 6500 च्या आसपास असतो. डिझेलचा त्याहून बराच खाली.

दुसरी जागा म्हणजे घाट. चाळीसगावहून कन्नडला जाणारा औट्रम घाट किंवा धुळ्याजवळचा लळिंग घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये असलेली भरलेली गाडी ब्रेक न लावता सोडली, तर गाडीचं वजनच इंजिनाला लाल पट्ट्यापार ढकलतं.

आत काय होतं, ते शाळेतल्या गणिताने कळतं. 6000 फेऱ्यांना प्रत्येक पिस्टन सेकंदाला 200 वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. त्याला थांबवणारं बल फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतं. फेरे अडीचपट, तर बल सव्वासहापट. हा ताण कनेक्टिंग रॉड, त्याचे बोल्ट आणि बेअरिंग सोसतात. रॉड तुटला, तर ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. त्याआधी बहुधा व्हॉल्व्हवर संकट येतं. व्हॉल्व्हची स्प्रिंग इतक्या घाईत त्याला बंद करू शकत नाही, वर येणारा पिस्टन अनेक इंजिनांत त्याला धडकतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. मग हेड खोलण्यावाचून इलाज नाही. नेहमीच्या वाहन विम्यात यांत्रिक बिघाड सहसा बसत नाही, त्यामुळे खर्च आपल्याच खिशातून.

मुलांना चार गोष्टी सांगा. दांडी मुठीत आवळू नका. पाचव्यातून काढल्यावर तिला क्षणभर मोकळी सोडा; बहुतेक गाड्यांत ती आपोआप मधोमध येते, मग सरळ खाली ओढा. गिअर पडायला जोर लागतोय, तर तो बहुधा चुकीचा आहे. जबरदस्ती करू नका. तरी इंजिन किंचाळलंच, तर लगेच क्लच दाबा. बाजूला थांबून इंजिन बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर टकटक आवाज आला, थरथर जाणवली किंवा ऑइलचा दिवा लागला, तर चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका, ओढून न्या. आवाज नसला तरी मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्या.

मात्र या भीतीने घाटात न्यूट्रल करू नका. त्याने इंजिन वाचेल, पण सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतील आणि लागेनासे होतील. इंधनही वाचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर उतारावर ईसीयू इंधन जवळजवळ बंदच करतो. उतार लागण्याआधीच गिअर निवडा, काटा चढू लागला तर मधूनमधून ब्रेक लावा.

इंजिन पुन्हा बांधता येतं. घाटात मात्र दुसरी संधी मिळेलच असं नाही. एवढं घरी जरूर सांगा.