उतरल्यानंतरचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नाशिककरांना विमान आणि राजकारण यांचे नाते नवे नाही. 1962च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 1963 मध्ये नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले. पुढच्याच वर्षी ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहू लागला. इंजिन ओरिसातल्या कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जुळणी आपल्याकडे, अशी कामाची वाटणी होती. माझी सारी नोकरी त्या कारखान्यात झाली. त्यामुळे आज बोलणार आहे ते उलट्या वाटेने गेलेल्या माणसांबद्दल, म्हणजे विमानातून उतरून राजकारणात शिरलेल्यांबद्दल.

त्याआधी आमच्या कामातली एक पद्धत सांगतो. हवाई दलात प्रत्येक विमानाचे एक दप्तर असते, त्याला ‘फॉर्म 700’ म्हणतात. उड्डाणापूर्वी तंत्रज्ञ त्यावर सह्या करतात, मग वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. परत आल्यावर उड्डाणात काय बिघडले ते तो त्यात लिहितो. या बिघाडाला आमच्या भाषेत ‘स्नॅग’ म्हणतात. तो दूर करून कुणीतरी पुन्हा सही केल्याशिवाय विमान जमीन सोडत नाही. वैमानिकांची आपसातही बैठक होते. तिथे कोणाचे काय चुकले ते हुद्दा बाजूला ठेवून बोलले जाते, आणि सुरुवात स्वतःपासून करायची असते. अशा शिस्तीत वाढलेला माणूस सत्तेत गेला की काय होते, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या महाराष्ट्रातले ठळक नाव सुरेश कलमाडी यांचे. जन्म 1 मे 1944. फर्ग्युसन कॉलेज, मग खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि 1964 मध्ये हवाई दलात वैमानिक. 1965 आणि 1971 ही दोन्ही युद्धे त्यांच्या सेवाकाळात झाली. नंतर दोन वर्षे प्रबोधिनीत त्यांनी शिकवले. दल सोडल्यावर पुण्यात डेक्कनला ‘पूना कॉफी हाऊस’ चालवले आणि तिथूनच ते युवक काँग्रेसमध्ये आले. 1982 पासून राज्यसभा, नरसिंह राव यांच्या सरकारात रेल्वे राज्यमंत्री, पुढे पुण्याचे तीन वेळा खासदार. पुणे मॅरेथॉन, पुणे फेस्टिव्हल, 1994च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, 2008च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धा ही सारी त्यांची कामे. मोठे काम अंगावर घ्यायचे आणि ठरल्या दिवशी पार पाडायचे, ही दलातली सवय त्यात दिसते.

पण 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांत हेच नाव देशभर वेगळ्या कारणाने गाजले. ते संयोजन समितीचे अध्यक्ष होते. एप्रिल 2011 मध्ये अटक झाली, पक्षाने निलंबित केले, जानेवारी 2012 मध्ये जामीन मिळाला. त्यानंतर वर्षामागून वर्षे गेली. मनी लाँड्रिंगच्या प्रकरणात गुन्हा सिद्ध होत नसल्याचा ईडीचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने स्वीकारला तो एप्रिल 2025 मध्ये. 6 जानेवारी 2026 रोजी कलमाडी गेले. ते दोषी होते की निर्दोष, यावर चहाच्या टपरीवर आजही वाद होईल. मला खटकते ते वेगळेच. विमानाचा बिघाड त्याच दिवशी कागदावर येतो. इथे हजारो कोटींच्या कामाचा हिशेब लागायला पंधरा वर्षे गेली, आणि तोवर लोकांनी आपापला निकाल लावून टाकला होता.

दुसरे नाव शेजारच्या तेलंगणातले आहे आणि नाशिकशी त्याचे दुहेरी नाते आहे. एन. उत्तमकुमार रेड्डी हे मिग-21 चालवणारे वैमानिक होते. ज्या विमानांना 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला निरोप दिला गेला, तीच ही जात. आमच्या हातून बाहेर पडलेली. हवाई दलानंतर त्यांनी राष्ट्रपती भवनात सुरक्षा आणि प्रशासनाचे काम पाहिले. 1999 मध्ये कोदाडहून आमदार झाले. पुढे हुजूरनगरहून वारंवार निवडून आले, पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले, 2019 मध्ये नलगोंड्याचे खासदार झाले. डिसेंबर 2023 मध्ये ते राज्याचे पाटबंधारे मंत्री झाले.

आणि पाटबंधारे म्हटले की तिथे गोदावरी आलीच. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी ही नदी गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळ तेलंगणाच्या सीमेवरून वाहते. तिथे मेडीगड्डा बंधारा आहे. त्यासाठी 2016 मध्ये दोन राज्यांत करार झाला आणि जून 2019 मध्ये उद्घाटन झाले, तेव्हा आपले मुख्यमंत्रीही हजर होते. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले. बॅकवॉटरमुळे सिरोंचाच्या शेतकऱ्यांचे नुकसान आधीपासून होतच होते. रेड्डी मंत्री झाल्यावर सरकारने न्यायमूर्ती पी. सी. घोष यांचा आयोग नेमला. जुलै 2025 अखेर अहवाल आला आणि रेड्डींनीच तो विधानसभेत मांडला. आधीच्या सत्ताधाऱ्यांनी तो राजकीय म्हणून नाकारला.

खांब का खचले हे शोधले गेलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण तो बंधारा आधीच्या सरकारचा होता. 22 फेब्रुवारी 2025 रोजी, म्हणजे रेड्डी स्वतः मंत्री असताना, त्याच राज्यात श्रीशैलम डाव्या कालव्याच्या बोगद्याचे छत कोसळले आणि आठ कामगार आत अडकले. कोणीही जिवंत बाहेर आले नाही. रेड्डी घटनास्थळी गेले, बचावकार्यावर देखरेख केली. परंतु बंधाऱ्याच्या अहवालावर जसा गाजावाजा झाला, तसा बोगद्याच्या कारणांवर झाला नाही. हे एकट्या रेड्डींचे नाही, सगळ्या पक्षांचे आहे. राजकारणात हिशेब मागितला जातो तो दुसऱ्याच्या उड्डाणाचा. आपल्या विमानाचे दप्तर मिटलेलेच राहते.

म्हणून माणूस गणवेशातून आला एवढ्यावर भाळू नये, असे मला वाटते. वैमानिक शिस्तीत राहतो तो केवळ स्वभावाने नव्हे. त्याच्याभोवती तपासणारी माणसे असतात. एखाद्या तिशीतल्या तंत्रज्ञाने सही केली नाही, तर ग्रुप कॅप्टनचेही विमान उभे राहते. तोच माणूस सत्तेत येतो तेव्हा त्याला अडवणारा तंत्रज्ञ नसतो. मग ती जागा आपली, मतदारांची.

आपल्याकडे 2027च्या सिंहस्थाची कामे निघाली आहेत. रस्ते, पूल, घाट, सांडपाण्याचे प्रकल्प. त्याच गोदावरीच्या काठावर. काम सुरू होताना कोणी सही केली, अर्ध्यावर काय बिघडले, ते कोणी दुरुस्त केले, हे आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला आणि आमदाराला आताच विचारता येईल. प्रभागातल्या बैठकीत विचारा, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. विचारणाऱ्याला विरोधक समजले जाते, हा अनुभव मलाही आहे. पण ओझरला आम्ही एखाद्या विमानाचा स्नॅग दाखवला, म्हणून आम्हाला विमानाचे शत्रू कोणी म्हटले नाही. त्यात जो बसणार होता, त्याचा जीव आमच्या सहीवर होता.