यक्षाच्या तळ्याकाठी एक दिवस

सरकारी नोकरीत फायलींचा डोंगर रोजच चढावा लागतो. त्यामुळे रजा मिळाली की खरा डोंगर चढायला जाणारा माझ्यासारखा मनुष्य सहकाऱ्यांना थोडा चमत्कारिकच वाटतो. त्यांचे समाधान करण्याचा नाद मी केव्हाच सोडून दिला आहे. आज मी आपल्याला चैत्रातल्या अशाच एका दिवसाची हकीकत सांगणार आहे. तो दिवस मी गढवालमधल्या देवरिया ताल नावाच्या तळ्याकाठी आणि त्याच्या माथ्यावरच्या अरण्यात घालवला.

रुद्रप्रयागहून मंदाकिनीच्या काठाने वर गेले की उखीमठ लागते. हिवाळ्यात केदारनाथाचे दार बर्फाने बंद झाले म्हणजे देवाची पूजा येथील ओंकारेश्वराच्या मंदिरात होते. उखीमठहून चोपत्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो आणि तो सारी नावाच्या लहानशा गावात जाऊन संपतो. पायऱ्यापायऱ्यांची शेते, दगडी घरे आणि मागे उभा डोंगर एवढेच ते गाव. तळे त्या डोंगराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. गावातून अडीच-तीन किलोमीटरांचा चढ चढला की माणूस तेथे पोहोचतो.

रात्री ज्यांच्या घरी उतरलो तेच दुसऱ्या दिवशी माझे वाटाडे होते. पन्नाशी उलटलेले, बारीक अंगाचे गृहस्थ. मी त्यांना तिकडच्या रीतीप्रमाणे ‘भैजी’ म्हणू लागलो. भैजी म्हणजे थोरला भाऊ. ते मात्र मला शेवटपर्यंत ‘साहेब’च म्हणत राहिले. जेवताना त्यांनी माझ्या खात्याची चौकशी केली. मी सरकारी नोकर आहे हे कळल्यावर ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, “म्हणजे आदेश लिहिणाऱ्यांपैकी.” त्या स्वरात राग नव्हता, पण तो शब्द पानातल्या खड्यासारखा लागला खरा.

पहाटे साडेचारला आम्ही निघालो. वाट दगडांनी बांधलेली आहे. दोन्ही बाजूंना बांज, म्हणजे हिमालयातला ओक, आणि त्याच्यामधून बुरांस. अंधारात फुले दिसत नव्हती, पण पायाखाली त्यांचा मऊ खच लागत होता. अर्ध्या वाटेवर भैजी थांबले आणि त्यांनी विजेरीचा झोत खाली टाकला. दगडावर विष्ठा पडली होती. तिच्यात केस होते आणि ती फार जुनी नव्हती. “बिबट्या,” ते म्हणाले. “सरकारने वाट बांधली ती त्यालाही सोयीची पडते.”

हा मुलूख बिबट्याच्या नावाने जगभर माहीत झालेला आहे. याच रुद्रप्रयागच्या परिसरात एका नरभक्षक बिबट्याने १९१८ पासून आठ वर्षे केदार-बदरीच्या यात्रामार्गावर दहशत बसवली होती. सरकारदप्तरी त्याच्या नावावर १२५ बळी आहेत. जिम कॉर्बेटने १९२६ च्या मे महिन्यात त्याला मारले, तेव्हा कोठे लोक रात्री दार उघडू लागले. ही सगळी माहिती मला घरच्या खुर्चीत बसून वाचताना फार रम्य वाटली होती. त्या काळोख्या वाटेवर मात्र मी भैजींच्या आणि माझ्यामधले अंतर बरेच कमी केले, हे कबूल केले पाहिजे.

माथ्यावर आलो तेव्हा पूर्वेला उजाडू लागले होते. डोंगराच्या धारेवर बशीसारखा खोलगट भाग आहे. त्यात तळे आणि भोवती हिरवळ. तिच्या कडेने अरण्याची काळी रेघ. तळे मोठे नाही. सावकाश चाललात तरी प्रदक्षिणा लवकर होते. पण त्याच्या उत्तरेला चौखंबा उभा आहे. ७,१३८ मीटर उंचीचा तो चार माथ्यांचा पर्वत प्रथम राखी दिसत होता. मग एका माथ्याच्या टोकाला तांबूस ठिपका पडला आणि बघता बघता तो रंग खाली ओघळत आला. पाण्यात तोच पर्वत उलटा उभा होता. मी कॅमेरा बाहेर काढण्यासाठी पिशवीत हात घातला, तेवढ्यात भैजींनी माझे मनगट धरले आणि हनुवटीने पलीकडचा काठ दाखवला.

अरण्यातून एक भेकर बाहेर आले होते. गढवालात त्याला काकड म्हणतात. नर होता; केसाळ खुंटांवर आखूड शिंगे स्पष्ट दिसत होती. चार पावले टाकी, थांबे, कान फिरवी, पुन्हा दोन पावले टाकी. असे करीत तो पाण्याशी आला आणि त्याने मान खाली घातली. त्याच्या ओठांपासून निघालेली वर्तुळे चौखंब्यापर्यंत गेली आणि पर्वताचे प्रतिबिंब हलले. हे किती वेळ चालले ते मला सांगता येणार नाही. मग वारा फिरला असावा. त्याने डोके वर केले, कुत्र्यासारखा एकच खणखणीत भुंकार दिला आणि तो नाहीसा झाला. झाडीतून त्याचे भुंकणे नंतर बराच वेळ ऐकू येत राहिले.

त्या जागी हरिणवर्गातला प्राणी दिसावा याचे मला विशेष वाटले, आणि त्याला कारण आहे. यक्षाने धर्मराजाला प्रश्न विचारले ते याच तळ्याकाठी, असे येथील लोक मानतात. महाभारतात तो प्रसंग द्वैतवनातला आहे, आणि आपल्या काठी तो घडला असे सांगणारी तळी देशात इतरही आहेत. तेव्हा स्थलनिश्चितीच्या भानगडीत मी पडत नाही. पण त्या कथेचा आरंभ मृगापासून होतो हे आपण बहुधा विसरतो. एका ब्राह्मणाची अरणी मृगाच्या शिंगांत अडकते, मृग ती घेऊन पळतो, पांडव त्याच्या मागे लागून थकतात आणि तहानेने तळ्याशी येतात. आधी नकुल, मग सहदेव, अर्जुन आणि भीम असे चौघेही उत्तर न देता पाणी पितात आणि कोसळतात. पुढे सगळी उत्तरे दिल्यावर एकच भाऊ मागण्याची मुभा मिळते, तेव्हा युधिष्ठिर भीमार्जुनांना सोडून नकुलाला मागतो. कुंतीचा एक मुलगा उरला आहे, तर माद्रीचाही एक उरावा म्हणून. मला त्या सगळ्या प्रश्नोत्तरांत हा शेवटचा निवाडाच अधिक कठीण वाटतो.

शिदोरीतला चहा घेताना मी भैजींना म्हणालो, “हे भेकर रोज येत असेल नाही?”

“आता येते,” ते म्हणाले. “मधली बरीच वर्षे मी पाहिले नव्हते. येथे माझेच तंबू होते ना!”

आणि मग रात्रीच्या त्या शब्दाचा उलगडा झाला. उंचावरच्या गवताळ कुरणांना गढवालात बुग्याळ म्हणतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्याळांत रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली, आणि दिवसाला येणाऱ्यांची संख्याही दोनशेपर्यंत मर्यादित केली. त्या सुमारास भैजींचेही तंबू उठले. हंगामात त्यांचे सहा तंबू असत. त्या उत्पन्नावर थोरल्या मुलीचे महाविद्यालयीन शिक्षण झाले. धाकटीच्या वेळी ते जमले नाही. ती दोन वर्षे घरी बसली आणि मग नात्यातल्या कोणाकडे डेहराडूनला गेली. हे सारे त्यांनी चहाचा पेला धुता धुता सांगितले.

“तंबू होते तेव्हा येथे काय चाले तेही पाहिले आहे मी,” ते पुढे म्हणाले. “रात्री दोनपर्यंत गाणी. सकाळी पाण्यात बाटल्या. त्या मीच काढायचो. आदेश चूक होता असे मला म्हणवत नाही, साहेब. पण ज्याने लिहिला त्याने विचारायला यायला हवे होते.”

माझ्या जिभेवर दोन-तीन उत्तरे आली. अभयारण्याची उद्दिष्टे, पर्यायी रोजगार, पाहुण्यांना घरी उतरवण्याची योजना. सगळी नियमाला धरून होती. पण तळ्यावर बसून ती बोलवेनात. उत्तर न देता पाणी प्यालो, एवढेच मला त्या वेळी जाणवले.

आठच्या सुमारास आम्ही तळे सोडून धारेने पुढे निघालो. येथून रोहिणी बुग्याळावरून चोपत्यापर्यंतची वाट दिवसभराची आहे. हा भाग कस्तुरीमृगाच्या रक्षणासाठी १९७२ साली घोषित झालेल्या केदारनाथ अभयारण्याला लागून आहे. कस्तुरीमृग दिसेल या भ्रमात मी नव्हतो. तो याहून बराच उंच राहतो आणि माणसाला सहसा दर्शन देत नाही. पण अरण्याने निराशा केली नाही. बुरांसाच्या लाल झुपक्यांत करड्या अंगाचे, काळ्या तोंडाचे वानर बसून फुले खात होते. सारीतल्या बाया याच फुलांचे सरबत करतात, तेव्हा या मेजवानीला दोन पंक्ती बसतात म्हणायच्या. एका पडलेल्या ओंडक्यावरून पिवळ्या गळ्याची, मुंगसाहून बरीच मोठी, लांब काळ्या शेपटीची दोन जनावरे एकामागे एक धावत गेली. इंग्रजीत यांना मार्टेन म्हणतात. आपल्याकडे दक्षिणेत, निलगिरीत, यांचे भाऊबंद आहेत.

रोहिणी बुग्याळावर दुपारची भाकरी सोडली. ती मंडुव्याची होती, म्हणजे आपली नाचणीच! सोबत लसूण-मिरची घालून वाटलेले मीठ. कोकणातल्या माझ्या आजीने ते पान परके मानले नसते. जेवताना डोक्यावर गिधाडे घिरट्या घालीत होती आणि त्यांतले एक पाचरीसारख्या शेपटीचे, दाढीवाले गिधाड होते. हाडे उंचावरून खडकावर टाकून फोडणारे ते हेच. माझ्या लहानपणी गावच्या माळावर गिधाडे बसलेली दिसत. पुढे ती दिसेनाशी झाली. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, असे संशोधनाने सिद्ध झाले. २००६ साली आपल्या देशात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोही एक आदेशच होता. हे मी भैजींना सांगितले. ते ऐकून म्हणाले, “गिधाडाला मुली शिकवायच्या नसतात, साहेब.” आणि आम्ही दोघेही मोठ्याने हसलो.

मोनाळ दिसला तो अगदी शेवटी. आभाळ भरून आले होते, चौखंबा कधीच झाकला गेला होता, आणि मी पाय दुखत असल्याच्या विचारात खाली मान घालून चाललो होतो. वाटेच्या खालच्या अंगाला कोणीतरी चोचीने माती उकरीत होते. मोरासारखा तुरा, मानेवर तांबे, हिरवा, जांभळा असे क्षणोक्षणी बदलणारे रंग. आमची चाहूल लागताच तो शीळ घालीत दरीत झेपावला. पाठीचा पांढरा पट्टा आणि विटकरी शेपूट एवढेच धुक्यात जाताना दिसले.

चोपत्याला पोहोचलो तेव्हा बारीक गारा पडू लागल्या होत्या. भैजींना परतीची जीप मिळाली. मी ठरलेले पैसे दिले आणि थोडे वर देऊ लागलो, तर ते त्यांनी परत केले व पिशवीतून बुरांसाच्या सरबताची बाटली काढून माझ्या हातात दिली. मी धाकट्या मुलीचे आता कसे चालले आहे ते विचारले. यंदा परीक्षेला बसली आहे, म्हणाले. कसली, म्हणून विचारले तेव्हा जीपमध्ये चढता चढता त्यांनी वळून पाहिले.

“सरकारी नोकरीची,” ते म्हणाले.