भिंत कुणाची, ठसा कुणाचा
(पनवेलच्या बैठकीतलं भाषण)



मी गोदीतला कामगार, शाळा मॅट्रिकपर्यंत. चित्रावर बोल म्हणालात, तर मी चित्तप्रसादवर बोलणार. जन्म १९१५. बंगालचा भट्टाचार्य, म्हणजे बामण. पण जात सांगतं म्हणून यानं आडनावच फेकून दिलं. आपल्याकडचे पुरोगामी आडनाव सांभाळून क्रांती करतात, ते असो.

१९४३ला बंगालात दुष्काळ पडला. पडला कसला, पाडला! सुमारे ३० लाख माणसं मेली. हा पठ्ठ्या मेदिनीपूर जिल्ह्यात फिरला, सापळे झालेली माणसं शाईनं काढली, ‘हंग्री बेंगॉल’ छापलं. इंग्रज सरकारनं प्रती जप्त करून नष्ट केल्या.

१९४६ला तो मुंबईत आला. अंधेरीत राहायचा, झोपडपट्टीतल्या पोरांना बाहुल्यांचे खेळ दाखवायचा. आणि लिनो कोरायचा. लिनो म्हणजे साहेबाच्या घरात जमिनीवर अंथरतात ते. कोरलं तेवढं पांढरं, राहिलं ते काळं. शाई फिरवा, कागद ठेवा, वरून चमचा घासा. झालं! अक्षरं मात्र उलटी कोरायची, तेव्हा ‘जय भीम’ सुलटं उमटतं. आर्टवाले मोजक्या छापा काढून नंबर टाकतात, म्हणजे भाव चढतो. यानं नंबर टाकले नाहीत. चित्र स्वस्त राहावं, सगळ्यांकडं जावं म्हणून.

पण त्यानं भूक काढली. आपलं अस्पृश्यपण काढायला आपलाच माणूस लागला. नागपूरचे सवी सावरकर बडोद्याला छापचित्रण शिकले, आणि गळ्यात मडकं, कमरेला झाडू असलेला आपला पूर्वज त्यांनी कागदावर उभा केला.

आता आपल्या वस्तीच्या भिंतीचं. विमानतळाच्या नावावर फ्लॅट विकणाऱ्या एका बिल्डरला ती जाहिरातीला हवीय. पाच हजार देतो, वर जयंतीचा फ्लेक्स फुकट. घ्या म्हणणारे इथंच बसलेत. वर्गणी जमत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण ‘टू बीएचके’च्या खाली आपल्या आया हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणार, हे मला बघवणार नाही. त्या भिंतीवर ती रांगच काढू, नळासकट, माणसाएवढी. आणि तेच चित्र पोरांनी लिनोवर कोरायचं, छापा दारोदार न्यायच्या, पाण्याच्या अर्जालाही एक जोडायची. भिंत जागची हलत नाही, छाप कचेरीत पोचते.

लिनो आणि पटाश्या मी आणतो. चुना, काजळी कोण आणणार? आणि ज्यांना पाच हजार घ्यायचेत, त्यांनी आधी बोलावं.