साधन दिले, समाधानाचे काय?



दिव्यांगांसाठी साहित्यवाटपाचे शिबिर पार पडले की वृत्तपत्रांकडे एक आकडा जातो. इतक्या कुबड्या, इतक्या तीनचाकी सायकली, इतकी श्रवणयंत्रे. तो आकडा दात्याच्या औदार्याचा असतो. सहा महिन्यांनंतर त्यांतील किती वस्तू वापरात आहेत आणि किती माळ्यावर गेल्या, हा दुसरा आकडा क्वचितच कोणी मागतो. अमेरिकेत फिलिप्स आणि झाओ या संशोधकांनी १९९३ मध्ये दोनशेहून अधिक प्रौढ दिव्यांगांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे २९ टक्के साधने पूर्णतः टाकून दिलेली आढळली. साधन नीट काम देत नव्हते, गरज बदलली होती, ही कारणे अपेक्षितच म्हणायची. पण निवड करताना वापरणाऱ्याचे मत विचारले गेले नव्हते, आणि साधन फार सहज हाती आले होते, हीही कारणे त्यांत होती. वाटप करणाऱ्याने या शेवटच्या दोहोंपाशी जरा थांबावे.

आपल्या देशात ही गोष्ट जयपूरला फार पूर्वी उमगली होती. पाश्चात्त्य बनावटीचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी घडवलेला आणि घोट्याशी ताठ. तो लावून उकिडवे बसता येईना, मांडी घालता येईना, चिखलाच्या शेतात अनवाणी उतरता येईना. पाय बसवून घेतलेली माणसे पुन्हा कुबड्यांवर आली. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ती तक्रार अडाणीपणाची मानली नाही. कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या साहाय्याने १९६८ च्या सुमारास रबराचा, वाकणारा, बुटावाचून चालणारा पाय सिद्ध झाला. असमाधान ऐकून घेतले गेले, म्हणून ‘जयपूर फूट’ जन्मास आला.

हे ऐकणे शिस्तीत बसवण्याचे काम कॅनडातील क्वेबेक प्रांतात झाले. लुईझ डेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘क्वेस्ट’ नावाची प्रश्नावली मांडली; २००० साली तिची सुधारित आवृत्ती आली. बारा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. आठ प्रश्न साधनाविषयी : आकार, वजन, जुळवणी, सुरक्षितता, टिकाऊपणा, वापरातील सोपेपणा, आराम, उपयुक्तता. उरलेले चार सेवेविषयी : साधन मिळण्याची पद्धत, दुरुस्ती, तज्ज्ञांचे मार्गदर्शन आणि नंतरची विचारपूस. दोन्ही भागांची सरासरी वेगवेगळी काढता येते. यातच खरी मेख आहे, कारण खुर्ची उत्तम आणि दुरुस्ती शून्य असे चित्र एकाच सरासरीत झाकले जाते. अखेरीस त्या व्यक्तीने बारांपैकी स्वतःला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या तीन बाबी निवडायच्या. एखाद्या वृद्धेला वजन महत्त्वाचे वाटेल, तर महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला टिकाऊपणा.

प्रश्न मात्र आपल्या घरांतल्या भाषेत विचारावे लागतील. ‘आकाराबाबत समाधानी आहात का?’ असे विचारले तर मान डोलेल, पुढे काही नाही. ‘आजी, खुर्ची न्हाणीच्या दारातून आत जाते का? उंबरठ्यावर अडते का?’ असे विचारले की उत्तर मिळते.

त्याहून मोठी अडचण आपल्या संस्कारांत आहे. फुकट मिळालेल्या वस्तूला नाव ठेवणे कृतघ्नपणाचे वाटते. ज्याने यंत्र दिले त्याच्याच कार्यकर्त्याने विचारले तर ‘बरं आहे, साहेब’ हेच उत्तर येणार, आणि कागदावर पाचपैकी पाच गुण पडणार. म्हणून विचारणारा वाटपाशी संबंध नसलेला असावा. घरी जाऊन, शक्यतो काही महिन्यांनी, साधन डोळ्यांसमोर ठेवून त्याने विचारावे. श्रवणयंत्र कपाटातून काढावे लागले, त्याच्या बॅटरीवर गंज चढलेला दिसला, तर पुढचे प्रश्न विचारण्याआधीच बरेचसे कळते.

केंद्र शासनाची साहाय्यक साधने देण्याची योजना १९८१ पासून चालू आहे, कानपूरच्या शासकीय कारखान्यात ही साधने घडतात, अनेक सेवाभावी संस्था मनापासून राबतात. गरजही अफाट आहे; जगात अडीचशे कोटींहून अधिक लोकांना किमान एखादे साहाय्यक साधन लागते, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाने म्हटले. तेव्हा वाटप थांबवा, असे कोणी सुचवणार नाही. पण दहा शिबिरांमागे एक दिवस विचारपुशीसाठी राखून ठेवणे अवघड नाही. कुबडीच्या टोकाचे रबर झिजले की ती ओल्या फरशीवर घसरते. ते रबर तालुक्याच्या गावी मिळते का, कितीला मिळते, आणि ते बसवून कोण देतो, एवढे तीन प्रश्न तरी पुढच्या शिबिराच्या नोंदवहीत आधीच छापून घ्यावेत.