पानाचा रंग आणि पानाची कमाई



आंब्याची तांबूस पालवी डोळ्यांना गोड वाटते; पण ती अजून कमावती झालेली नसते. उन्हाच्या बळावर पाणी व कर्बवायू यांपासून साखर करायची ती हरितद्रव्याने, आणि कोवळ्या पानात ते थोडेच असते. तोवर जून पाने आपल्या कमाईतून पालवीला पोसतात. (गिरणीतली उमेदवारी आम्हांस ठाऊक, म्हणून हे चटकन पटले!) अशा वेळी जून पाने ओरबाडणारा पालवीच्याच तोंडचा घास काढतो.

मग तांबडे पान तेवढे बेकार काय? तांबडा माठ उकळून पाहा. लाली पाण्यात उतरते, पान हिरवट उरते. हरितद्रव्य लालीखाली होतेच.

१८८२ साली एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने हिरव्या शेवाळाच्या तंतूवर लोलकातून फाकलेला प्रकाश पाडला. प्राणवायूचे भुकेले जंतू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत गर्दी करून बसले. काम जोरात चालले होते ते तिथे. हिरव्या प्रकाशातला काही भाग पान परत पाठवते, आणि आपण त्यालाच पानाचा रंग म्हणतो!

पांढऱ्या चट्ट्यांच्या पानाचे मात्र निराळे. स्पिरिटात रंग उतरवून आयोडीन लावले, तर चट्ट्यावर पिष्टाचा काळानिळा डाग उमटत नाही. तो भाग शेजारच्या हिरव्याच्या जिवावर जगतो.