न उडालेले विमान

(मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने भरारीविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. मी मात्र न झालेल्या उड्डाणाविषयी बोलणार आहे. मी वैमानिक नव्हे की अभियंता नव्हे, बी. ए. झालेला केंद्र सरकारचा एक अधिकारी आहे. परंतु दौऱ्यांच्या निमित्ताने लहान विमानांतून बराच प्रवास घडला, आणि त्यातून जे कुतूहल जागे झाले ते वाचनाने व विचारपूस करून भागवीत आलो.

विमानाने धावपट्टीवर वेग घेतला की आता उडणे तेवढे उरले असे प्रवाशाला वाटते. वस्तुतः त्या अर्ध्या मिनिटात वैमानिकापुढे दोन वाटा असतात, आणि एका ठरावीक वेगापाशी त्यांपैकी एक बंद होते. त्या वेगाला ते ‘व्ही-वन’ म्हणतात. आपण निर्णयवेग म्हणू. तोपर्यंत थांबण्यास आरंभ केला तर उरलेल्या धावपट्टीत विमान थांबते. तो ओलांडल्यावर एक इंजिन बंद पडले तरी उडणेच श्रेयस्कर. वेग दुप्पट झाला की ब्रेकांनी जिरवावयाची ऊर्जा चौपट होते, म्हणून शेवटचे दोन-तीन सेकंद फार महाग पडतात. ताशी सुमारे दीडशे किलोमीटरपर्यंत लहानसहान दोषासाठीही थांबावे, त्यापुढे आग किंवा इंजिनाचा बिघाड अशा गंभीर कारणासाठीच थांबावे, अशी सर्वसाधारण रीत आहे.

त्यातून आपले रायपूर! मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. तापलेली हवा विरळ असते. तिच्यात पंखांना आधार कमी आणि इंजिनाला जोर कमी. शिवाय समुद्रसपाटीपासून आपण सुमारे ३०० मीटर उंच. मुंबईहून आलेले पाहुणे आपल्या उन्हाळ्याला नावे ठेवतात, तशी विमानेही ठेवत असावीत. जानेवारीत जेवढ्या धावेत ती उडतात, त्याहून अधिक धाव त्यांना मे महिन्यात लागते.

धावपट्टीचे टोक म्हणजे काय, हे मराठी मुलखाला २६ एप्रिल १९९३ रोजी कळले. तेव्हाच्या औरंगाबादेत, चिकलठाण्याहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग उशिरा उचलले गेले. टोकापलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची चाके त्याला आदळली, पुढे ते विजेच्या तारांत सापडून कोसळले. ११८ जणांपैकी ५५ जण गेले. चौकशीत दोष निघाला तो वैमानिकांच्या उशिराचा, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहने न रोखण्याचाही.

आता उलट बाजू पाहा. १९ सप्टेंबर २००८ च्या रात्री अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात, कोलंबिया येथे, भाड्याने घेतलेले एक लहान लिअरजेट उड्डाणास निघाले. टायरांतील हवा कमी होती. कित्येक दिवस कुणी ती तपासली नव्हती. धावताना टायर फुटले. निर्णयवेग ओलांडून गेला होता, तरी कॅप्टनने थांबण्याचा निर्णय घेतला. फुटलेल्या टायरांच्या तुकड्यांनी चाकांजवळच्या यंत्रणेची नासधूस केली, त्यामुळे विमान मागे रेटण्याऐवजी इंजिने त्याला पुढेच ढकलू लागली. विमान धावपट्टीबाहेर जाऊन महामार्ग ओलांडून पलीकडच्या बांधावर आदळले. सहांपैकी चौघे मृत्यू पावले. उडण्यातला उशीर जसा घातक, तसाच थांबण्यातलाही.

एवढ्या अल्प अवधीत असा निर्णय घेणाऱ्याच्या मनावर दुसरे ओझे असता कामा नये. मोठ्या विमानात ते सहसा नसते. तेथे प्रवासी कॅप्टनला ओळखतही नाही. चार्टर विमानात मात्र भाडे देणारा हाताच्या अंतरावर बसलेला असतो. त्याची सभा असते, लग्न असते, आणि तो बहुधा मोठा माणूस असतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच अधिकारी मान्याच्या विमानतळावरून दोन इंजिनांच्या लहान विमानाने जगदलपूरला निघालो होतो. धाव सुरू होऊन थोडे अंतर गेले असेल, तोच दार नीट बंद नसल्याचा दिवा लागला. कॅप्टनने तत्क्षणी थ्रॉटल मागे ओढले. आम्ही पट्ट्यांत पुढे झुकलो, विमान थांबले, वळले आणि परत आले. तंत्रज्ञाने पाहिले तो दार व्यवस्थित बंद होते. त्याची सूचना देणारा छोटा स्विच तेवढा अडकला होता. तपासणीत दोन तास गेले आणि बैठक हुकली.

दौरा का फसला याची टिपणी पाठवणे भाग होते. प्रतीक्षालयात बसूनच एका सहकाऱ्याने मसुदा केला. त्यात ‘वैमानिकाच्या अतिसावधपणामुळे’ असे शब्द होते. मी म्हटले, हे शब्द राहणार असतील तर माझी सही मिळणार नाही. ते चिडले, दार तर नीटच होते ना, म्हणाले. होते, पण ते आपल्याला दार उघडून पाहिल्यावर कळले. धावपट्टीवर त्या माणसापाशी फक्त एक दिवा होता. फायलीत एक विशेषण पडले की ते किती वर्षे माणसाचा पाठलाग करते, हे तुम्हां-आम्हां नोकरदारांना सांगायला नको. विमान देणाऱ्या कंपनीला त्या टिपणीची प्रत जाणार होती. पुढच्या खेपेस दिवा लागला असता तर त्या कॅप्टनच्या डोळ्यांपुढे आधी काय आले असते? अर्धा तास वाद झाला. अखेर ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान होते आणि कॅप्टनही तेच. चढण्यापूर्वी त्यांनी अदबीने विचारले, “मीटिंग कितने बजे है, सर?” उत्तर मी देणार, तोच ते सहकारीच म्हणाले, “आप जहाज देखिए कप्तान साहब, मीटिंग हम देख लेंगे.”